वच्छला सिस्टरांची पाठ

वच्छला सिस्टरांचा चेहरा आठवायला मला जरा वेळ लागतो. चेहरा गोल होता, कपाळावर मोठं कुंकू होतं, रागावल्या की वरचा ओठ दुमडायचा, हे सगळं सांगता येतं. पण डोळे मिटले की आधी दिसते ती त्यांची पाठ. रुंद, ठेंगणी, पांढऱ्या कोटात न मावणारी. सात वर्षं मी त्या पाठीमागून बोळाबोळांतून चाललो. गाडीतून उतरल्यावर त्या कुणासाठी थांबत नसत. मी स्टेथोस्कोप शोधत असायचो तोवर त्या घरात पोचून म्हाताऱ्याच्या उशाशी बसलेल्या असत, आणि आतून आवाज यायचा, “या सर, या. तुमचीच वरात यायची राह्यली होती.”

मी छातीचा डॉक्टर. परभणीच्या एका दवाखान्यातून मंगळवारी आणि शुक्रवारी आमची गाडी निघायची. गाडीत चौघं : मी, सिस्टर, श्वासाचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट पठाण आणि ड्रायव्हर मुंजाभाऊ. ज्यांच्या फुप्फुसांत दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, अशांच्या घरी जायचं. कुणी उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काढलेला, कुणी बिडीपायी गेलेला, बायका बहुतेक चुलीच्या धुरानं. त्यांना बरं करायचं नाही, कारण ते होणारच नाही. श्वास जरा सुसह्य करायचा, घरच्यांना हाताशी धरायचं, आणि शेवट आला की तो दवाखान्याच्या व्हरांड्यात न येता घरात यावा एवढं बघायचं. लिहायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात यादीतलं एक नाव खोडायचं आणि खाली दुसरं लिहायचं, असं वर्षानुवर्षं चालतं. मला पहिल्या वर्षाच्या शेवटी जो थकवा आला तो अजून गेलेला नाही. मी मुळातच चिडका. त्यात हे काम म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

सिस्टरही थकायच्या, पण त्यांचा थकवा पिशवीत भरून ठेवल्यासारखा असे. ती पिशवी लग्नाच्या बस्त्यातली होती, दुकानाचं नाव धुऊन धुऊन उडालेलं. तिच्यात हातपंखा, ओला पंचा, लवंगांची डबी आणि नेलकटर. कुठल्याही घरी गेल्या की त्या आधी पेशंटची नखं कापायला बसत. मी घड्याळाकडे बघायचो. बाहेर अजून तीन गावं वाट बघतायत आणि ही बाई करंगळीचं नख घासत बसली आहे! एकदा मी गाडीत बोललोच, “सिस्टर, तुम्ही नर्स आहात की न्हावी?”

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “सर, माणसाचा हात धरून बसायचं तर काही तरी निमित्त लागतंय. न्हाई तर ते म्हणतेत, ही बाई कामून हात धरायली? मरायला आलो की काय मी?”

सोमवारी दवाखान्यामागच्या लिंबाखाली आम्हा चौघांची बैठक व्हायची. कुणाचं दुखणं कुठवर आलं, कुणाच्या घरी काय अडलंय, हे तिथं ठरायचं. बोलण्याचा क्रम सिस्टरांनी लावला होता : पहिला मुंजाभाऊ, मग पठाण, मग त्या, आणि सगळ्यांत शेवटी मी. मी एम.डी. आणि माझा नंबर ड्रायव्हरनंतर! मला ते बरेच दिवस टोचलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. “आपुन घरात असतो तवा मुंजाभाऊ वट्यावर बसलेले असतेत. घरात लोक आपल्याला बरं वाटावं असं बोलतेत. खरं वट्यावर बोलतेत.” आणि खरोखर, सून गोळ्या लपवून ठेवते, मशीनचा आवाज नको म्हणून ऑक्सिजन बंद करतात, म्हातारी रात्री उठून बिडी ओढते, या सगळ्या बातम्या आम्हाला मुंजाभाऊंनी दिल्या.

मात्र झरीच्या बापूरावांच्या वेळी मुंजाभाऊंनाही काही कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

बापूराव शेवटचे कित्येक महिने आडवे झाले नव्हते. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. ते बाजेवर बसून, पुढ्यातल्या पोत्यावर गोधडीची घडी ठेवून तिच्यावर कपाळ टेकवून झोपत. मी मुलाला औषधं समजावली. धाप कमी व्हावी म्हणून मॉर्फिन किती आणि कधी द्यायचं ते लिहून दिलं. पठाणनं पंखा चेहऱ्यावर कसा धरायचा ते दाखवलं. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, कारण ती सांगावी लागेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

शेवट जवळ आला तसं घरच्यांनी बापजाद्यांपासून चालत आलेलं तेच केलं. बाजेवर जीव गेला तर तो अडकतो, म्हणून जमीन सारवली, बापूरावांना उचललं आणि खाली घेतलं. सपाट, उताणं. मुलानं मायेनं तोंडात पाणी सोडलं. आम्ही पोचलो तेव्हा कोरड्या जमिनीवर माणूस बुडत होता. हात हवेत काहीतरी धरू बघत होते, डोळे बाहेर आले होते, आणि भोवती घर भरून लोक हात जोडून बसले होते. जीव जाताना असंच होतं, असं त्यांना वाटत होतं.

“उठवा! आरं उठवा त्यान्ला!” सिस्टर ओरडल्या. टेकवायला काही सापडेना. मग त्या स्वतःच खाली बसल्या, बापूरावांकडे पाठ करून. पठाणनं आणि मी त्यांना उठवून सिस्टरांच्या पाठीला टेकवलं. समोर गोधडी दिली. सिस्टर भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं, सावकाश श्वास घ्यायला लागल्या, अगदी ऐकू येईल असा. “बापू, माझ्या पाठीसंगं घ्या. घाई न्हाई. मी हाय हितंच.”

हळूहळू त्या दोन पाठी एकाच लयीत हलायला लागल्या. दिवस मावळायला सिस्टर तशाच बसल्या बसल्या म्हणाल्या, “थांबलं, सर.” मी स्टेथोस्कोप लावला. थांबलं होतं.

आम्ही परत निघालो. मला त्या घरच्यांचा राग आला होता आणि मी तो बोलून दाखवणार होतो, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “त्यान्चं काय चुकलं? ते मायेनं करायलते. आपुन इचारलं न्हाई.” रागाला जायला जागा उरली नाही की तो आपल्यावरच येतो, तसा तो आला.

त्यानंतर सिस्टरांनी एक नवीनच पद्धत सुरू केली. कुठल्याही घरी दुसऱ्या भेटीत, नखं कापता कापता, त्या सरळ विचारायच्या, “टाइम आला तर तुमच्यात खाली घेतेत का?” मला ऐकताना घाम फुटायचा. पेशंट समोर बसलेला! पण त्या रिवाजाला कधी नावं ठेवत नसत. “घ्या ना खाली. पण बसवून घ्या. धरतीला टेकलं म्हंजे झालं, पाठच टेकली पायजे असं कुठं हाय?” असं म्हणून त्या घरातल्या थोरल्या मुलाला खाली बसवत आणि बापाच्या पाठीला पाठ लावायला शिकवत. पठाणनं खुर्ची उलटी टाकून तिच्या पाठीवर उशा रचायची युक्ती काढली होती. सिस्टर रोजच्यासाठी ती वापरू देत. शेवटासाठी नाही. “खुर्ची चांगली हाय. पण खुर्ची श्वास घेत न्हाई.”

मानवतच्या एका अडत दुकानदाराकडे, आप्पांकडे, त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा घरातले सगळे आप्पांकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या महादेवाकडे बघत राहिलो. आप्पांच्या गळ्यात चांदीच्या करंडीत शिवलिंग होतं. ते मुठीत धरून ते तुकड्या-तुकड्यानं हसले. “आमच्यात... मेल्यावर... बसवूनच... पुरतेत, बाई. म्या... आतापासून... सराव करायलोय.”

सिस्टर इतक्या हसल्या की नेलकटर खाली पडलं. म्हणाल्या, “मग तर तुमी पास हाव!”

या आप्पांचा मुलाशी दुकानावरून अबोला होता. घर एक, ताट वेगळं. सिस्टरांनी मुलाला हाताला धरून आणलं आणि बापाच्या पाठीला पाठ लावून बसवलं. तोंडं दोन दिशांना, त्यामुळे दोघांचीही अडचण झाली नाही. पुढच्या भेटीत मुंजाभाऊंनी वट्यावरची बातमी दिली : पोरगा आता रोज संध्याकाळी तासभर तसा बसतो, आणि दोघं भिंतींशी बोलावं तसं एकमेकांशी बोलतात. बाजारभावाबद्दलच बोलतात, पण बोलतात.

असं सगळं असताना सिस्टर स्वतःबद्दल कधी बोलत नसत. त्यांची पाठ दुखते हे मला कळलं तेसुद्धा गाडीत बसताना त्या दाराला धरून क्षणभर थांबायच्या म्हणून. विचारलं तर, “वय झालं, सर. तुमचं बी झालंय, तुमाला सांगत न्हाई कुणी एवढंच.”

शेवटच्या वर्षी एका सोमवारी मुंजाभाऊंनी पहिलं बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि बंद केलं. मग लिंबाच्या बुंध्याकडे बघत म्हणाले, “सिस्टरच्या भावाला दम हाय. लय हाय. त्या सांगंना झाल्यात म्हणून मी सांगायलोय.”

सिस्टर मान खाली घालून लवंगेची डबी उघडत-मिटत बसल्या. किसनदादा त्यांचा थोरला भाऊ. देवगाव फाट्यावरून आत त्यांचं गाव. बाप लवकर गेला, तेव्हा चुलते म्हणाले होते पोरीचं लग्न उरकून टाका. पण दादानं तिला सायकलवर बसवून नर्सिंगच्या शाळेत नेऊन सोडलं. स्वतः मळणीयंत्राच्या भुशात आणि बिडीच्या धुरात राहिला. आमच्या यादीत तेव्हा बावीस नावं होती. मी खाली तेविसावं लिहिलं.

माहेरच्या उंबऱ्यात सिस्टर वेगळ्याच बाई झाल्या. डोक्यावर पदर आला, आवाज खाली गेला. तिथं त्या कुणाची आत्या होत्या, कुणाची वन्सं. सिस्टर कुणाच्याच नव्हत्या. घरात शब्द चालायचा तो तात्यांचा, म्हणजे त्याच चुलत्यांचा. ऐंशीच्या घरातले, ताठ, दुधाच्या चहावर जगणारे. दादा मात्र बहिणीला ओळखून होता. पहिल्याच दिवशी, नखं कापून घेता घेता, तो म्हणाला, “वच्छे, मला आडवं... करू देऊ नगं.”

“न्हाई करू देणार.”

“तात्या... ऐकायचे न्हाईत.”

“मी हाय ना, दादा.”

परतताना गाडीत त्या बराच वेळ बाहेर बघत होत्या. फाटा मागे गेल्यावर म्हणाल्या, “सर, ते खाली घ्यायचं तेवढं तात्यान्ला तुमी इचारा. तुमी समजावा. माहेरात मला तोंड न्हाई.” सात वर्षांत त्यांनी मला मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हणालो.

आणि मी विचारलं नाही. पुढच्या भेटीत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. त्याच्या पुढच्या भेटीत दादाला जरा बरं होतं. म्हटलं, आजच कशाला विषय काढा. ही झाली कारणं. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. त्या ताठ म्हाताऱ्यासमोर बसून मरणाची बोलणी करायची ताकद माझ्यात त्या दोन्ही दुपारी नव्हती. सिस्टरांनी गाडीत नुसतं माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. माझ्या आयुष्यात मी आळसानं केलेल्या चुका पुष्कळ आहेत, पण ही मला अजून जेवताना आठवते.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम झाला, हार झाले, मीही भाषण केलं. त्यातलं मला काही आठवत नाही. मला त्या शेवटच्या दिसतात त्याआधीच्या एका शुक्रवारी दुपारी.

आम्ही मानवतला होतो. दादाच्या घरून फोन आला. मुंजाभाऊंनी गाडी कशी हाणली ते त्यांनाच माहीत. पोचलो तेव्हा ओसरीत बायका दाटल्या होत्या. मधल्या खोलीत जमीन नुकतीच सारवलेली, ओली, बाजूला तुळशीपत्र घातलेला पाण्याचा तांब्या. चार जणांनी दादाला बाजेवरून उचललं होतं. तो शुद्धीवर होता. त्यानं बहिणीला बघितलं.

“तात्या, आडवं करू नका,” सिस्टर म्हणाल्या. “त्याला सोसायचं न्हाई.”

तात्यांनी मानही वळवली नाही. “दवाखान्यात सिस्टर असशील. हितं तू लेक हायस. लेकीनं मधी पडू नये. घ्या रे खाली.”

मी पुढे झालो. डॉक्टर म्हणून जे सांगायला हवं ते सांगायला लागलो, दोन महिने उशिरा. तात्या म्हणाले, “तुमी आत्तापस्तोर काय केलं, सायेब?”

सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी पदर कमरेला खोचला, पुढे झाल्या आणि त्या ओल्या सारवणाच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसल्या. भिंतीकडे तोंड करून. सगळ्या घराकडे पाठ.

“आणा,” त्या म्हणाल्या. “हितं आणा माझ्या भावाला.”

उचलणाऱ्यांना दुसरीकडे जागाच नव्हती. दादा हातांवर जड होत होता. चौघांनी तात्यांकडे बघितलं. तात्या त्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी भिंतीला लावली, वाकून स्वतः दादाचा एक खांदा धरला आणि म्हणाले, “बसवा.”

पठाणनं पुढ्यात गोधडी दिली, मी औषध दिलं, दादाचा थोरला मुलगा पंखा धरून बसला. सिस्टरांनी तो त्यांचा मोठा, सावकाश श्वास सुरू केला. दादाचा श्वास आधी चुकला, अडखळला, मग त्याला सापडला. घरातली सगळी माणसं दादाच्या समोर येऊन बसली होती. त्याच्या मुली गालांवरून हात फिरवत होत्या. सिस्टरांच्या समोर नुसता गिलावा होता. एकदा दादा काहीतरी पुटपुटला. त्या भिंतीला म्हणाल्या, “हाव दादा. हायच मी.”

चारच्या सुमाराला त्या म्हणाल्या, “सर.”

मी समजलो. स्टेथोस्कोप लावला, घड्याळ बघितलं. बायकांनी हंबरडा फोडला. सिस्टर हलल्या नाहीत.

“सर, तोंड कसं हाय दादाचं?”

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका मेलेल्या माणसाकडे नीट बघितलं. म्हणालो, “कपाळावरच्या आठ्या गेल्यात. तोंड थोडं उघडं आहे. दमून आलेल्या माणसाला बसल्या जागी झोप लागावी, तसं.”

त्यांनी मान हलवली. कुणीतरी म्हणालं, “आक्का, ऊठ आता.”

“मी उठले तर तो पडंल,” त्या म्हणाल्या. मग तोंड न वळवता, “तात्या, आता करा आडवं. आता काय न्हाई.”

तात्यांनी आणि मुलांनी दादाला हलकेच उचलून शेजारी निजवलं. पाठीवरचं ओझं गेलं तरी सिस्टर तशाच बसून राहिल्या. कोट घामानं चिकटला होता, खालच्या बाजूला ओल्या सारवणाचा डाग होता. मी त्यांना उठवायला म्हणून मागून जवळ गेलो आणि थांबलो. त्यांची पाठ अजून तशीच वर-खाली होत होती. मोठ्यानं, सावकाश, मागच्याला ऐकू जाईल असा श्वास त्या घेत होत्या.